आठ वर्षांनी पुन्हा त्याच रेषेवर

आमच्या ताईचा तंबोरा लग्नानंतर गवसणीत गेला तो गेलाच. दर दिवाळीच्या साफसफाईत तो कोपऱ्यातून निघतो, त्याच्यावरची धूळ झटकली जाते आणि स्वारी पुन्हा कोपऱ्यात! यंदा मी म्हटले, "ताई, एकदा जुळवून तरी बघ." ती म्हणाली, "आता कुठला गळा नि कुठला सूर! गेलेले परत येत नाही गं." तेव्हा मी तिला किम सू-न्युंगची हकीकत सांगितली. तीच वाचकांना सांगते.

सू-न्युंग ही दक्षिण कोरियाची तिरंदाज. १९८८ साली सोलला ऑलिंपिक भरले तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. मायदेशातल्या त्या स्पर्धेत तिने वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके मिळवली. १९९२ मध्ये बार्सिलोनाला संघाबरोबर पुन्हा सुवर्ण आणि वैयक्तिक स्पर्धेत रौप्य. त्यानंतर तिने खेळ सोडला, संसार मांडला, दोन मुले झाली. १९९६ चे अटलांटा ऑलिंपिक तिच्याविना पार पडले. आणि कोरियाचे तिच्यावाचून काही अडलेही नाही. महिलांची दोन्ही सुवर्णपदके त्यांच्याच मुलींनी नेली. परत येऊ पाहणाऱ्या बाईला याहून बोचणारी गोष्ट कोणती?

तरी १९९९ मध्ये ती परतली.

हे लिहायला सोपे आहे. पण ऑलिंपिकच्या धनुष्याची दोरी हनुवटीपर्यंत ओढायची म्हणजे बोटांवर पंधरा-वीस किलोंचा ताण घ्यायचा, तोही एकदा नव्हे, सरावात दिवसाकाठी शेकडो वेळा. हा भार पेलायचा तो पाठीच्या स्नायूंनी. बाण पुरेसा मागे आला की धनुष्यावरची एक बारीक पट्टी 'टक्' करते आणि त्याच क्षणी बोटे सैल पडावी लागतात. विचार करून सोडलेला बाण हमखास चुकतो म्हणतात. समोर ७० मीटरवर लक्ष्य. त्याच्या मधोमध दहा गुणांचे वर्तुळ, जेमतेम १२ सेंटिमीटरचे, चहाच्या बशीहूनही लहान! ही सवय अंगात मुरायला वर्षे लागतात आणि मोडायला फार दिवस लागत नाहीत.

शिवाय कोरियात जुन्या पदकांवर संघात जागा मिळत नाही. निवडचाचणीत सगळ्यांनी नव्याने बाण मारायचे. जिच्या नावावर तीन सुवर्णपदके, तिनेही शाळकरी मुलींच्या रांगेत उभे राहायचे. सू-न्युंग उभी राहिली आणि तिघींच्या संघात आली.

२००० साली सिडनीला ती २९ वर्षांची होती. संघाने अंतिम फेरीत युक्रेनला हरवून सुवर्ण जिंकले. वैयक्तिक स्पर्धेत मात्र उपांत्य फेरीत तिची गाठ पडली आपल्याच संघातल्या युन मी-जिनशी. मी-जिनचे वय १७! म्हणजे सोलला सू-न्युंग जेवढी होती तेवढीच. धाकटी जिंकली, पुढे सुवर्णही तिनेच घेतले. थोरलीने मग उत्तर कोरियाच्या चो ओक-सिलला हरवून कांस्य मिळवले. मला विचाराल तर तिच्या सहा ऑलिंपिक पदकांत हे कांस्य सर्वांत महाग पडलेले. मनासारखी हार झाल्यावर कुणीही उठते. पण स्वतःच्याच तरुणपणाकडून हरल्यावर लगेच पुढचा बाण नीट मारायचा, हे कठीण.

ताईने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "तिला सरकार होते, प्रशिक्षक होते. मला कोण?" यावर मी काय बोलणार! मी आपल्या रांचीच्या दीपिका कुमारीचे नाव घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये तिला मुलगी झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये शांघायच्या विश्वचषकात तिने रौप्यपदक जिंकले.

"तिची रजा दीड वर्षाचीसुद्धा नाही," ताई म्हणाली, "माझी सव्वीस वर्षांची आहे." आणि फराळाच्या चकल्या तळायला उठली.

परवा तिच्याकडे गेले तर तंबोरा कोपऱ्यात उघडाच उभा होता. तारा गंजलेल्या. गवसणी मात्र धुऊन बाहेर दोरीवर वाळत घातली होती.