'लॉइटर' आणि रेंगाळणे : एका क्रियापदाचा अर्थविचार

इंग्रजी शिकविताना 'लॉइटर' हे क्रियापद आले की शिक्षक बहुधा 'रेंगाळणे' असा एकच प्रतिशब्द देऊन पुढे जातात. तो चुकीचा नव्हे. परंतु अपुरा आहे.

या शब्दाचे मूळ मध्ययुगीन डच भाषेतील एका धातूत सांगतात. सैल झालेला दात जसा हलतो, तसे डुलणे, असा त्याचा अर्थ. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला. त्याच्या आजच्या अर्थात तीन घटक दिसतात : एका ठिकाणी वा वाटेत थांबत राहणे, त्यामागे उघड प्रयोजन नसणे आणि ते पाहणाऱ्याच्या मनात नापसंती वा संशय असणे. तिसरा घटक सर्वांत महत्त्वाचा होय. कारण तो थांबणाऱ्याच्या कृतीत नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

मराठीने हे घटक निरनिराळ्या क्रियापदांत वाटून टाकले आहेत. 'रेंगाळणे' यात मुख्यतः मंदगती आहे. काम रेंगाळते, चवही जिभेवर रेंगाळते. अशा ठिकाणी इंग्रजीत 'लिंगर' योग्य, 'लॉइटर' नव्हे. 'घुटमळणे' यात मनाची ओढ किंवा संकोच आहे. 'उंडारणे' हे मोकाट गुरांना आणि पोरांना लागते. हाती काम असता ते टाळणारा 'टंगळमंगळ' करतो. संशयाची छटा हवी असेल तर 'घोटाळणे' जवळचे : 'तो परक्याच्या दारापाशी घोटाळत होता.' थांबणे नाइलाजाचे असेल तर 'ताटकळणे'. तेथे 'लॉइटर' घातल्यास अर्थाचा अनर्थ होतो. डिचोलीच्या बसस्थानकावर शेवटच्या गाडीसाठी ताटकळणारा मजूर आणि तेथेच उगाच घोटाळणारा इसम दुरून सारखेच दिसतात. त्यांतील भेद भाषेने राखावयाचा असतो.

पेडणे व डिचोली येथील विद्यार्थ्यांची अडचण आणखी निराळी आहे. घरच्या कोंकणीत 'भोंवप' हे क्रियापद हिंडण्याफिरण्यास सर्रास चालते व त्यात दोष नाही. म्हणून पेडण्याच्या पुनवेला देवळाच्या आवारात रात्रभर हिंडणाऱ्या लोकांविषयी मूल निःशंकपणे 'लॉइटर' लिहिते. तेथे उत्सवाचे प्रयोजन उघड असल्याने हा शब्द बसत नाही. गोमंतकाला परिचित असलेल्या पोर्तुगीज भाषेत 'वादियु' असा शब्द आहे. परंतु तो निरुद्योगी भटक्याला, म्हणजे माणसाला, चिकटतो. 'लॉइटर' केवळ कृतीला नाव देतो.

संशयाचा हा घटक कायद्यात शिरला की प्रश्न गंभीर होतो. अमेरिकेतील शिकागो नगराने 1992 साली केलेल्या नियमात, उघड हेतूवाचून एका जागी राहणे, अशी या शब्दाची व्याख्या होती. हेतू उघड आहे की नाही हे ठरविणार कोण? तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली तो नियम संदिग्ध म्हणून रद्द ठरविला. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी 2011 साली मुंबईतील स्त्रियांविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाला 'व्हाय लॉइटर?' हेच नाव दिले. पुरुष नाक्यावर उभा राहिला तर कोणी विचारीत नाही, स्त्रीला मात्र कारण द्यावे लागते. म्हणून निष्कारण थांबण्याचाही हक्क असावा, असा त्यांचा विचार. शब्दातील दूषण त्यांनी जाणूनबुजून उलटविले आहे.

युद्धशास्त्रात तर हा शब्द आळस टाकूनच वावरतो. लक्ष्य सापडेपर्यंत आकाशात राहणाऱ्या अस्त्रासाठी तो योजतात, तेव्हा 'रेंगाळणारे' म्हणणे हास्यास्पद ठरेल. 'घिरट्या घालणारे' हेच योग्य.

तेव्हा शिक्षकाने प्रतिशब्द पाठ करून घेण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावयास शिकवावे : कोण थांबला आहे, कशासाठी, आणि त्याला तसे म्हणणारा कोण? तिसऱ्या प्रश्नाची सवय लागली, तर विद्यार्थी वाट पाहणाऱ्याला रिकामटेकडा म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबेल.