रिपोर्टमधला ‘निगेटिव्ह’

डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासणीचा रिपोर्ट घरात वाचून दाखवण्याचे काम बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडे येते. इंग्रजी येत असले, तरी हा मजकूर त्यांना चकवतो.

चिठ्ठीवरच्या खुणा लॅटिनमधून आल्या आहेत. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना. नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर मात्र ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा! ‘एसओएस’ हा धोक्याचा इशारा नव्हे. गरज पडली तरच गोळी घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्ये केला. त्याने औषधाचे नाव वाचता येईल. या खुणा कळतीलच असे नाही.

रिपोर्टमध्ये अडचण उलटी असते. तिथले शब्द ओळखीचे वाटतात आणि घात तिथेच होतो. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयातील स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट घेतला, तर ‘मार्जिन निगेटिव्ह’ ही चांगली बातमी असते, कारण काढलेल्या गाठीच्या कडेला कर्कपेशी सापडलेल्या नसतात. त्याच कागदावर ‘ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) निगेटिव्ह’ असेल, तर संप्रेरकांना रोखणाऱ्या औषधांचा उपयोग होण्याची आशा फारशी उरत नाही. रक्तगटापुढच्या ‘निगेटिव्ह’चा तर आजाराशी संबंधच नाही.

आकड्यांशेजारचे ‘एच’ किंवा ‘एल’ पाहून घर हादरते. पण संदर्भमर्यादा साधारणपणे 95 टक्के निरोगी लोकांच्या मोजमापांवरून ठरतात, म्हणजे उरलेले 5 टक्के निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाच्या सगळ्याच मर्यादेत बसण्याची शक्यता जेमतेम 36 टक्के.

प्रत्येक ओळ विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते. याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला ‘बॉम्बे’ रक्तगट केवळ ए आणि बी प्रतिजने शोधणाऱ्या चाचणीत ‘ओ’ दिसतो. या लोकांच्या लाल पेशींवर एच प्रतिजनही नसते, म्हणून त्यांना नेहमीचे ‘ओ’ रक्तही चालत नाही. एच तपासल्याशिवाय हा फरक दिसत नाही. तेव्हा रिपोर्ट हाती आला की आधी डॉक्टरांना विचारावे : ही चाचणी नेमके काय शोधायला केली होती?