गुणसंवर्धित तांदूळ आणि लोकसंवाद (गडचिरोली व चंद्रपूर)

गुणसंवर्धित तांदूळ (प्रचलित नाव : फोर्टिफाइड तांदूळ) म्हणजे लोह, फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व ब-१२ ही सूक्ष्म पोषकद्रव्ये असलेले, यंत्रावर घडविलेले दाणे ठरावीक प्रमाणात मिसळून तयार केलेला तांदूळ होय. रास्त भाव दुकानांतून असा तांदूळ देण्याच्या केंद्रपुरस्कृत पथदर्शी योजनेला फेब्रुवारी २०१९ मध्ये मान्यता मिळाली. देशातील १५ जिल्ह्यांसाठी असलेल्या या योजनेत महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्ह्याची निवड झाली आणि २०२० च्या प्रारंभी तेथे वाटप सुरू झाले. या तांदळाविषयीच्या शंका, अफवा आणि त्यांना मिळालेली शासकीय उत्तरे यांमुळे अन्नविषयक वादग्रस्त विज्ञान लोकांपर्यंत कसे पोहोचवावे, या प्रश्नाचे हे एक बोलके उदाहरण ठरले आहे.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. गोळ्यांचे वाटप होऊनही रक्तक्षय हटत नाही, म्हणून रोजच्या अन्नातूनच लोह द्यावे, असा या योजनेमागील विचार होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी २०२४ पर्यंत सर्व शासकीय योजनांतील तांदूळ गुणसंवर्धित करण्याची घोषणा केली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन टप्प्यांच्या अंमलबजावणीस मान्यता दिली.

दाण्याची घडण

तांदळाच्या कणीचे पीठ करून त्यात पोषकद्रव्यांचे मिश्रण व पाणी घालतात. हा गोळा यंत्राच्या साच्यातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडले जातात आणि ते वाळवले जातात. साधारणपणे १०० किलो तांदळात असे १ किलो दाणे मिसळतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार १ किलो गुणसंवर्धित तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ब-१२ असावे लागते. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या प्रौढाला यातून ११ ते १७ मिलिग्रॅम लोह मिळते. मात्र त्यातील थोडाच भाग शरीरात शोषला जातो.

‘प्लास्टिकचा तांदूळ’

घडविलेला दाणा नेहमीच्या तांदळाहून किंचित पिवळसर किंवा अपारदर्शक दिसतो. त्याच्या आत सूक्ष्म पोकळ्या राहत असल्याने तो हलका असतो व धुताना पाण्यावर तरंगतो. एवढ्यावरून विदर्भासह राज्याच्या अनेक भागांत ‘रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी बोलवा उठली. दाणे जाळून दाखविणे, भाताचा गोळा जमिनीवर आपटून उसळविणे, असे ‘प्रयोग’ मोबाइलवरून फिरू लागले. वास्तविक कोणताही तांदूळ जाळल्यास काळा पडतो आणि चिकट भाताचा घट्ट गोळा थोडाफार उसळतो, कारण तो पिष्टमय पदार्थ आहे.

या शंकेला अडाणीपणा म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. हा प्रदेश धानाचा आहे. घरोघरी तांदूळ सुपात पाखडून, हाताने निवडून शिजविला जातो; परका दाणा तेथील बाईच्या नजरेतून सुटत नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल-३’ वाणाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या व त्यांतून पुढे ‘एचएमटी’ हा प्रसिद्ध वाण निवडला. ज्या लोकांची धानाकडे पाहण्याची नजर इतकी तयार आहे, त्यांच्या ताटात आगाऊ सूचना न देता वेगळा दाणा आल्यास प्रश्न उपस्थित होणारच. निवडताना हे दाणे वेचून टाकले, तर मूळ हेतूच वाया जातो; कारण सारी पोषकद्रव्ये त्या शंभरातील एका दाण्यातच असतात.

प्रशासनाच्या खुलाशांत बहुधा ‘हा तांदूळ प्लास्टिकचा नाही, अफवांवर विश्वास ठेवू नये’ एवढेच सांगितले जाई. दाणा तरंगतो का, वेगळा का दिसतो, याचे कारण सांगणारे प्रात्यक्षिक रास्त भाव दुकानात किंवा अंगणवाडीत करून दाखविणे अधिक उपयोगी ठरते. नुसत्या नकारात अफवेतील मुख्य शब्दच पुन्हा उच्चारला जातो.

सिकलसेल आणि पोत्यावरील सूचना

प्लास्टिकची शंका निराधार होती. सिकलसेलची तशी नव्हती. सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक विकार आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरी भागात झाली. विदर्भात, विशेषतः गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत, या विकाराचे वाहक व रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. २०१८ च्या गुणसंवर्धनविषयक नियमांनुसार लोहयुक्त अन्नाच्या वेष्टनावर अशी सूचना छापणे बंधनकारक होते की, थॅलेसेमियाच्या रुग्णांनी ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे आणि सिकलसेल असलेल्यांनी ते खाऊ नये.

अडचण अशी की सूचना पोत्यावर असते आणि शिधापत्रिकाधारक तांदूळ स्वतःच्या पिशवीत सुटा नेतो. शिवाय ज्याला तो खाऊ नये असे सांगितले, त्याच्यासाठी दुकानात दुसरा तांदूळ उपलब्ध नसे. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली.

त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सूचनेला पुरेसा वैज्ञानिक आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. सिकलसेलमध्ये लोहाचा अतिरिक्त साठा प्रामुख्याने वारंवार रक्त चढविल्याने होतो आणि तांदळातून मिळणारे लोह त्या मानाने अल्प असते, असे कारण देण्यात आले. २०२४ मध्ये ही सूचना वगळण्यात आली. विज्ञानात नव्या पुराव्यानुसार मत बदलणे स्वाभाविक आहे. परंतु ‘खाऊ नये’ या सूचनेपासून ‘सर्वांसाठी सुरक्षित’ या घोषणेपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे रुग्णांच्या कुटुंबांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय तो त्यांना केवळ कोलांटउडी वाटतो.

भाषेचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी व माडिया, सिरोंचा भागात तेलुगू, पूर्व सीमेवर छत्तीसगढी, तर मुलचेरा-चामोर्शी भागातील पुनर्वसित वस्त्यांत बंगाली बोलली जाते. चंद्रपूरच्या पूर्व भागात झाडीबोली, तर जिवती परिसरात कोलामीही ऐकू येते. पोत्यावरची छापील सूचना वा शासकीय पत्रक या साऱ्यांपर्यंत सारखेच पोहोचणे शक्य नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व ग्रामसभा हीच येथील खरी माध्यमे होत. ‘गुणसंवर्धित’ हा शब्दही सामान्य वाचकाला बिचकविणारा आहे.

लाखोळीचा पूर्वानुभव

पूर्व विदर्भाने अन्नविषयक शासकीय इशारा याआधीही अनुभवला आहे. धानाच्या उभ्या पिकात शिंपडून घेतली जाणारी लाखोळी ही येथील गरिबांची डाळ. अनेक महिने मुख्यतः तीच खाल्ल्यास तिच्यातील ओडॅप या विषारी द्रव्यामुळे पायांचा पक्षाघात (लॅथिरिझम) होऊ शकतो. म्हणून १९६१ पासून केंद्रीय नियमांनुसार तिच्या विक्रीवर बंदी आली. दुष्काळात केवळ तीच खाणे आणि भाताबरोबर वाटीभर खाणे, यांतील फरक मात्र बंदीच्या भाषेत उतरला नाही. लोक ती पेरीत व खात राहिले. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला. पुढे ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे ओडॅपचे प्रमाण कमी असलेले वाण विकसित झाले. डाळ ‘विषारी’ आहे असे ज्यांनी ऐकले, पण शेजारीपाजारी कोणाला काही झालेले पाहिले नाही, त्यांचा पुढच्या सरकारी सूचनेवरील विश्वास कमी होणे साहजिक आहे.

परिणामकारकतेविषयीचे मतभेद

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनेत, तांदूळ हे मुख्य अन्न असलेल्या प्रदेशांत लोहयुक्त तांदळाची शिफारस आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र रक्तक्षय कमी होण्याविषयीच्या पुराव्याची निश्चितता कमी असल्याचे नमूद आहे. भारतातील काही पोषणतज्ज्ञांच्या मते रक्तक्षयाचे कारण केवळ लोहाची कमतरता नसते; जंत, मलेरिया आणि सिकलसेल यांनीही रक्त कमी होते, आणि हे तिन्ही गडचिरोलीत आहेत. डाळी, रानभाज्या, अंडी, मासे यांनी आहार विविध करण्यावर त्यांचा भर आहे. हे मतभेद लोकांसमोर क्वचितच मांडले गेले. प्रचारसाहित्यात तांदळाचे फायदेच तेवढे सांगितले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या तांदळाचा मोफत पुरवठा डिसेंबर २०२८ पर्यंत सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला व त्यासाठी १७,०८२ कोटी रुपयांची तरतूद केली.