आकाशातील शर्यत आता पडद्यावर

ज्या शर्यतीची फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो, तिला तिकीट काढून कोण येणार? ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या शर्यतीची अडचण हीच होती. विमाने शेकडो किलोमीटरचा फेरा मारून परततात. पूर्वी वैमानिक वळणावर खालच्या खुणेचा फोटो घेई आणि फिल्म धुतल्यावर निकाल लागे. १९९०च्या दशकात जीपीएस नोंदयंत्राने पुरावा सोपा झाला, पण प्रेक्षक कोरडाच राहिला.

येथे एक गैरसमज आम्ही दूर करू इच्छितो. जीपीएसचा उपग्रह विमानाला पाहत नाही, तो फक्त संकेत पाठवतो. किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र स्वतःच आपली जागा व उंची काढते. ती जमिनीवर कळवायला रेडिओ किंवा मोबाइलची वेगळी सोय लागते. मालाच्या ट्रकवरही हेच, म्हणून तर सिमचा खर्च निराळा पडतो.

ही सोय झाली की संगणक पडद्यावर डोंगर उभे करतो आणि त्यांवरून विमाने जाताना दिसतात. कोण किती उंच आहे तेही कळते, आणि या खेळात उंची म्हणजे हातातले भांडवल. ती खर्चूनच वेग मिळतो. २००५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली ग्लायडरची ग्रां प्री लोक अशीच पाहतात. काही स्पर्धांत चित्र मुद्दाम उशिरा दाखवतात. नाहीतर खालचा मदतनीस पुढच्याची चाल आपल्या वैमानिकाला रेडिओवर सांगेल.