गळाच्या रिळाचे प्रक्षालन : द्रावकाची निवड

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यास वापरल्या जाणाऱ्या गळाच्या रिळात दोन भिन्न मळ साचतात : समुद्राचे मीठ आणि घट्ट झालेले जुने ग्रीस. ‘साफ करणे’ हा शब्द मात्र एकच. त्यामुळे दोहोंस एकच द्रावक पुरेल असा समज होतो. मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही, ग्रीस पाण्यात विरघळत नाही. म्हणून प्रथम गोड्या पाण्याने धुवून वाळवावे. मग सुट्या केलेल्या धातूच्या भागांस रॉकेल लावावे. (‘घासलेट’ म्हणजेही तेच.) पेट्रोल सर्वथा वर्ज्य, त्याची वाफ शून्याखालील तापमानातही ठिणगीने पेटते. अ‍ॅसिटोन कित्येक प्लॅस्टिकांस विरघळविते. रॉकेल पुसताच नवे ग्रीस लावणे अगत्याचे, कारण उघडा पडलेला धातू खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो.