यंत्राच्या पोटात काय आहे, हे लिहून ठेवा

१२ मे २०१७ या दिवशी इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांत संगणकाच्या पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने फाइली कुलूपबंद केल्या होत्या. २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली. पाच भागांतील तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९ हजारांच्या वर गेला.

यातली खरी बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या त्रुटीतून हा प्रोग्राम शिरला, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. औषध उपलब्ध होते, पण ते रुग्णापर्यंत पोहोचले नाही. कोणत्या रुग्णालयाने सूचना पाळली आणि कोणी नाही, हे तपासण्याची औपचारिक व्यवस्था आरोग्य खात्याकडे नव्हती, असे तिथल्या लेखापरीक्षकांनी नोंदवले.

अशी वेळ का येते? रुग्णालयातला संगणक बहुधा हाताने घडत जातो. आज एक प्रोग्राम बसवला, सहा महिन्यांनी प्रिंटरसाठी दुसरा, पुढे कोणी तिसरा काढून टाकला आणि त्याचे अवशेष तसेच राहिले. पाच वर्षांनी त्यात नेमके काय आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. तीन डॉक्टरांची औषधे चालू आहेत आणि केसपेपर हरवला आहे, अशा रुग्णासारखी ही अवस्था असते. नवीन औषध द्यायला मग हात धजावत नाही.

यावर संगणकतज्ज्ञांनी शोधलेला मार्ग डॉक्टरांना ओळखीचा वाटेल. यंत्रावर एकेक गोष्ट बसवत जाण्याऐवजी, त्यात काय काय असायला हवे याची संपूर्ण यादी आधी एका फाइलमध्ये लिहायची. ती यादी वाचून एक प्रोग्राम ‘डिस्क इमेज’ तयार करतो. डिस्कवर जे जे असायचे, ते सारे सामावलेली ही एकच मोठी फाइल. ती पन्नास यंत्रांवर चढवली, तर पन्नासही यंत्रे सारखीच सुरू होतात. कोणत्या पायऱ्या करायच्या हे न सांगता शेवटी काय हवे ते सांगायचे, म्हणून या पद्धतीला ‘डिक्लरेटिव्ह’ म्हणतात.

लिनक्सच्या जगात ही पद्धत चांगली रुजली आहे. रेड हॅटच्या ‘किकस्टार्ट’ फाइलमध्ये पॅकेजांच्या नावांचा स्वतंत्र विभाग असतो. उपकरणांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांसाठी ‘योक्टो’ वापरतात. तिथेही इमेजमध्ये काय घालायचे ते यादीतच लिहावे लागते. नेदरलँड्समधील युट्रेख्ट विद्यापीठात एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधाने ‘निक्स’ या प्रणालीचा पाया मांडला. निक्समध्ये प्रत्येक पॅकेजची ओळख ते कशापासून बनले यावरून ठरते. त्यामुळे जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी राहू शकते आणि नवी बिघडली तर जुनीकडे परतता येते.

यादीचा मोठा फायदा काढून टाकताना दिसतो. एक ओळ खोडली की पुढच्या इमेजमध्ये ते पॅकेज नसतेच, कारण इमेज दर वेळी नव्याने बांधली जाते. मात्र नुसते नाव लिहून भागत नाही. मात्रा न लिहिता औषधाचे नाव लिहिण्यासारखेच ते होईल. आज बांधलेली इमेज आणि पुढच्या महिन्यात बांधलेली इमेज वेगळी निघेल. म्हणून नेमकी आवृत्ती आणि फाइलचा डिजिटल ठसा ‘लॉक फाइल’मध्ये नोंदवतात. एका पॅकेजने सोबत ओढून आणलेली इतर पॅकेजेही तिथे दिसतात.

याची गरज मार्च २०२४ मध्ये कळली. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दुसऱ्या संगणकावर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले. शोध घेतल्यावर ‘एक्सझेड’ या फाइली आकसून लहान करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा पेरल्याचे आढळले. सुदैवाने त्या बहुतांशी चाचणीच्या टप्प्यातील प्रणालींतच पोहोचल्या होत्या. तरी जगभरच्या तंत्रज्ञांपुढे एकच प्रश्न होता: आपल्याकडे हे आहे का? ज्यांच्याकडे यादी होती, त्यांना ती उघडून शोधता आले. इतरांना एकेक यंत्र तपासावे लागले.

यादी म्हणजे लस नव्हे. ती जुनी झाली, तर जुन्या त्रुटी हुबेहूब पन्नास यंत्रांवर उतरतील. रुग्णांच्या नोंदी इमेजबाहेर वेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर नवी इमेज चढवताना त्याच पुसल्या जातील. शिवाय व्हेंटिलेटर किंवा सीटी स्कॅनरमधील सॉफ्टवेअर रुग्णालयाने स्वतः बदलायचे नसते. ते काम उत्पादकाचे. त्याच्याकडून दुरुस्ती येईपर्यंत ते यंत्र इतर जाळ्यापासून वेगळे ठेवणे, एवढेच हाती उरते.

म्हणूनच अमेरिकेत मार्च २०२३ पासून, इंटरनेटला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणाला मंजुरी मागताना त्यातील सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी देणे उत्पादकावर बंधनकारक झाले आहे. आपल्या रुग्णालयांतही खरेदी समितीने किंमत आणि वॉरंटीसोबत तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. या यंत्रात कोणकोणते सॉफ्टवेअर आहे, याची यादी मिळेल का? त्यात त्रुटी सापडली, तर नवी इमेज कोण आणि किती दिवसांत देणार? आणि ही सेवा किती वर्षे चालू राहणार? यांची उत्तरे करारात लेखी असावीत. तोंडी आश्वासन रात्री दोन वाजता, अतिदक्षता विभागाचा पडदा काळा पडल्यावर, कामी येत नाही.