खुर्चीखालचे नाव

आमचा धंदा कापडाचा. गिऱ्हाइकाने गादीवर बसावे ही कापड दुकानाची जुनी रीत. पण गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना खाली बसवत नाही. म्हणून सक्करदऱ्यातील आमच्या दुकानासाठी लग्नसराईच्या तोंडावर आम्ही डझनभर लोखंडी फोल्डिंग खुर्च्या घेतल्या. दोन महिने झाले नाहीत तोच एका खुर्चीचा रिव्हेट तुटला आणि एक आजीबाई खाली आल्या. हाड मोडले नाही, पण आमची मान खाली गेली. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, "या खुर्च्या माझ्याकडच्याच कशावरून?" खुर्चीवर कोणाचेच नाव नव्हते. बिल कच्चे घेतले होते, हा दोष मात्र आमचा.

या निमित्ताने घडीची टेबले-खुर्च्या बनवून नाव कमावलेल्या एका कारखान्याची हकीकत व्यापारी बांधवांना सांगावीशी वाटते. अमेरिकेच्या डेन्व्हर शहरात 1910 साली जेसी श्वेडर यांनी साडेतीन हजार डॉलरच्या भांडवलावर ट्रंका बनवण्याचा कारखाना काढला. आधी ते दुसऱ्याच्या ट्रंका विकणारे सेल्समन होते, म्हणजे कोणती पेटी कुठे फुटते हे त्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेले. पुढे भाऊही धंद्यात आले. मालाची मजबुती दाखवण्यासाठी पेटीवर फळी टाकून वडील आणि भावांसह तिच्यावर उभे राहून त्यांनी फोटो काढला व तोच जाहिरातीत वापरला. बायबलमधल्या बलदंड सॅमसनचे नाव त्यांनी मालाला दिले.

1930 च्या दशकात जगभर मंदी होती. प्रवास कमी झाला की पेटी कोण घेणार? पण बिजागरी, पत्रा आणि रिव्हेट यांचा हुनर हाताशी होता. त्याच कंपनीकडून पत्ते खेळण्याची घडीची टेबले व खुर्च्या निघू लागल्या आणि अमेरिकेत घरोघरी गेल्या. 1965 मध्ये कंपनीचेच नाव सॅमसोनाइट झाले. आज हे नाव सुटकेसमुळे ओळखले जाते, आणि तिचा एक कारखाना आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ गोंदे येथे आहे.

घडीच्या खुर्चीत तसे लपवण्यासारखे फार नसते. दोन चौकटी एकमेकींना कैचीसारख्या छेदतात आणि बसणाऱ्याचा भार बराचसा सांध्याच्या पिनेवर येतो. पिन बारीक असली, मधे वॉशर नसला, की भोक घासून लांबट होते, खुर्ची डुलू लागते आणि एक दिवस दगा देते. दुसरी मेख पाइपाच्या गेजमध्ये. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 18 गेज साधारण सव्वा मिलिमीटर, तर 20 गेज एक मिलिमीटरहूनही कमी. वरून रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात. बिछायत केंद्रवाले खुर्ची हातात तोलून पाहतात ते उगाच नव्हे.

आमच्या उरलेल्या अकरा खुर्च्या जवळच्याच एका वेल्डिंगवाल्या तरुणाने दुरुस्त केल्या. जाड पिना घातल्या, वॉशर बसवले. काम पाहून आम्ही म्हटले, "अरे, तू स्वतःच खुर्च्या का बनवत नाहीस?" तो हसला. "बनवतोच की चाचा! तीन दुकानांत माझाच माल आहे. नाव टाकले तर दुकानदार उचलत नाहीत. म्हणतात, उद्या गिऱ्हाईक सरळ तुझ्याकडे येईल."

त्याला काय उत्तर द्यावे? विणकराच्या साडीवर आम्ही तरी कोणाचे लेबल लावतो? आमच्याच दुकानाचे.

त्याला आता सहा खुर्च्या सांगितल्या आहेत, 18 गेजच्या, बैठकीखाली त्याचे नाव ठोकून. पाइप रोखीने घ्यावा लागतो म्हणून निम्मी रक्कम आगाऊ दिली. पहिल्या दोन आल्या आहेत. किंमत बाजारभावापेक्षा थोडी जास्त पडली, आणि यावेळी बिल पक्के घेतले.